गुरं मारा, मेलेले परत येतील : खोसा लोकांचं १८५६-५७

सुमारे चार लाख गुरं, मालकांनी स्वतःच्या हाताने मारलेली, तीही वर्षभराच्या आत. त्या हंगामात बहुतेकांनी पेरणी केली नाही आणि पेवांत साठवलेलं धान्य होतं तेही उपसून टाकलं. पुढे जे व्हायचं ते झालं, साधारण ४०,००० माणसं उपासमारीने मेली आणि जी जगली त्यातली हजारो गोऱ्यांच्या शेतांवर मजुरीला लागली. आकडे अर्थात अंदाजाचे आहेत, तेव्हा मोजायला कोण बसलं होतं, पण अभ्यासक साधारण याच आकड्यांच्या आसपास येतात. ठिकाण आजच्या दक्षिण आफ्रिकेचा ईस्टर्न केप प्रांत, लोक खोसा, आणि सुरुवात म्हणाल तर पंधरा-सोळा वर्षांच्या नोंगकावुसे नावाच्या एका मुलीला नदीकाठी कोणीतरी दिसलं इथून.

प्रलय, जगबुडी, "अमुक तारखेला सगळं पालटणार" असल्या विश्वासांचा विषय निघाला की आपली गाडी लगेच "लोक येडे असतात हो" या स्टेशनवर येते आणि तिथेच उभी राहते. म्हणून मला ही केस नीट उलगडून मांडावीशी वाटते, कारण येडेपणाने इथे काहीच सुटत नाही. ज्यांनी ही गुरं मारली ती पिढ्यान्‌पिढ्या गुरांवर जगणारी माणसं होती, गुरांतलं त्यांना जे कळत होतं ते आपल्याला सात जन्मात कळायचं नाही. माझ्या मते घात केला तो "गुरं मारा, मेलेले परत येतील" या भाकितातल्या एका छोट्या अटीने. अट अशी की गुरं सगळ्यांनी मारली पाहिजेत, एकानेही मागे ठेवता कामा नये. ही अट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

आधी काय काय होऊन गेलं होतं

खोसांचा मुलूख म्हणजे समुद्राला लागून असलेला डोंगराळ, गवताळ पट्टा. मधून ग्रेट केई नदी जाते. नदीच्या पश्चिमेचा भाग ब्रिटिशांनी घेतलेला, त्याला तेव्हा ब्रिटिश कॅफ्रेरिया म्हणायचे, आणि पूर्वेला राजा सरहिलीचं राज्य, ते अजून स्वतंत्र होतं. गोऱ्यांशी लढाया १७७९ पासून चालू होत्या आणि १८५३ ला संपली ती आठवी. म्हणजे आजोबा, बाप, मुलगा सगळ्यांनी एकेक लढाई हरलेली आणि दर लढाईनंतर चराईची जमीन थोडी अजून गेलेली. सरहिलीचा बाप हिंत्सा १८३५ मध्ये वाटाघाटीसाठी ब्रिटिशांच्या छावणीत गेला, तिथे त्याला अडकवून ठेवलं, निसटायला बघत होता तेव्हा गोळी घातली आणि मेल्यावर त्याच्या प्रेताचे कान कापून नेले. ज्या राजाने पुढे गुरं मारायचा हुकूम काढला तो या माणसाचा मुलगा, एवढं डोक्यात असू द्या.

आणि देवाचा निरोप घेऊन येणारं माणूस हेही खोसांना नवीन नव्हतं. १८१९ मध्ये मखांडा नावाच्या माणसाने गोऱ्यांच्या गोळ्यांचं पाणी होईल असं सांगून हजारो लोकांसह ग्रॅहमस्टाउनवर हल्ला केला होता, गोळ्यांचं पाणी झालं नाही, त्याला रॉबेन बेटावर टाकलं आणि तिथून पळताना तो बुडून मेला. मग १८५० मध्ये म्लांजेनी नावाचा एक आजारी, तरुण पोरगा उभा राहिला, त्यानेही बंदुकांतून नुसतं पाणी येईल असं सांगितलं आणि शिवाय फिकट पिवळ्या रंगाची गुरं मारून टाका असंही सांगितलं. त्याची लढाई दोन वर्षांच्या वर चालली, ब्रिटिशांनी पिकं जाळली, अमाथोले डोंगरातली उत्तम चराई खोसांच्या हातून गेली. म्हणजे अशुद्ध झालेली गुरं मारा ही कल्पना नोंगकावुसेच्या डोक्यातून अचानक उगवलेली नाही, ती पाच-सहा वर्षं हवेत होतीच.

याच्या जोडीला एक बातमी आली. म्लांजेनीची लढाई ज्याने संपवली तो केप या शेजारच्या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर, जनरल कॅथकार्ट, इथून बदलून क्रिमियात गेला आणि ५ नोव्हेंबर १८५४ ला इंकरमनच्या लढाईत रशियनांच्या हातून मारला गेला. ही बातमी खोसांपर्यंत पोचली आणि त्यावरून लोकांनी हिशोब मांडला की इंग्रजांना मारणारे हे रशियन म्हणजे गोरे कसे असतील, ते काळे असणार, किंबहुना आपलेच आधीच्या लढायांत मेलेले लोक समुद्रापलीकडून लढतायत. टेकड्यांवर माणसं बसवून समुद्रात जहाजं दिसतायत का बघत होते! हसू येतं खरं, पण हातात माहिती किती होती बघा. आपल्याला चिरडणारा माणूस दुसऱ्या कोणीतरी चिरडला, आणि तो दुसरा कोण हे सांगणारं कोणी नाही.

रोग

आता मुख्य गोष्ट. १८५३ मध्ये मॉसेल बे या बंदरात हॉलंडहून आणलेले बैल उतरले आणि त्यांच्याबरोबर गुरांच्या फुफ्फुसाचा एक साथीचा रोग उतरला. घटसर्प, लाळ्या-खुरकूत आपल्याला निदान ऐकून माहीत असतात, हा त्यापेक्षा वेगळा आणि जास्त दगाबाज, कारण जनावर आजारी पडायच्या आधी कित्येक आठवडे, कधी काही महिने अगदी धडधाकट दिसतं आणि तेवढ्यात दावणीतल्या बाकीच्यांना देऊन मोकळं होतं. मग कोरडा खोकला, मग मान पुढे ताणून पाय फाकवून उभं राहणं, कारण बसलं की श्वास घेता येत नाही, मग खाणं बंद, आणि हळूहळू हाडं वर येत मरणं. गुरं जीव लावून पाळणाऱ्या माणसाने हे रोज गोठ्यात बघायचं. केप कॉलनीत १८५५ पर्यंत लाखभर गुरं यात गेली आणि त्याच सुमाराला रोग खोसांच्या मुलखात शिरला. पाथो नावाच्या सरदाराची तर जवळजवळ सगळीच खिल्लारं गेली आणि पुढे तो भाकिताचा पक्का समर्थक झाला, यात मला काडीचंही आश्चर्य वाटत नाही.

खोसा काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांनी गुरांच्या वाटा बंद केल्या, बाहेरची जनावरं येऊ देईनात, कुरणं पेटवून दिली. उपयोग झाला नाही, कारण वर म्हटलं तसं रोग दिसायच्या आधीच आत आलेला असायचा. आणि गंमत बघा, नंतरच्या काळात हा रोग ज्या देशांनी घालवला त्यांनी तो लागण झालेली आणि त्यांच्या संपर्कातली गुरं मारूनच घालवला, अमेरिका १८९२ मध्ये यातून मोकळी झाली ती याच मार्गाने. म्हणजे "आपली गुरं आतून नासलीयत, ती काढून टाकल्याशिवाय नवीन चांगली येणार नाहीत" हे वाक्य पशुवैद्याच्या तोंडीही शोभलं असतं. फरक एवढाच की पशुवैद्य नवीन गुरं कुठून आणायची हे सांगतो, इथे ती पाताळातून येणार होती.

खोसांच्या घरी गाय म्हणजे काय हेही सांगायला हवं. वस्तीच्या मधोमध गुरांचा गोल वाडा. रोजचं मुख्य अन्न म्हणजे कातडी पिशवीत आंबवलेलं दूध, त्याला अमासी म्हणतात. लग्नात मुलीकडच्यांना द्यायची ती गुरं, पितरांशी बोलायचं ते बळी दिलेल्या जनावरामार्फत. आणि त्या वाड्याच्याच जमिनीखाली धान्याची पेवं, बरणीसारखी, तोंड अरुंद आणि पोट मोठं, तोंडावर दगड आणि वरून शेणाचा थर. घरातली सगळी पुंजी, चालती आणि साठवलेली, एकाच गोल जागेत. भाकिताने बोट ठेवलं ते बरोबर या जागेवर.

ती मुलगी

एप्रिल १८५६ मध्ये ग्खारा नदी समुद्राला मिळते तिथे नोंगकावुसे आणि तिच्याबरोबर एक लहान मुलगी शेतात पाखरं राखायला गेल्या होत्या. नोंगकावुसेचे आईबाप नव्हते, ती म्लाकाझा या काकाकडे राहायची. तिला दोन परके पुरुष दिसले. त्यांनी निरोप दिला तो थोडक्यात असा की घरी जाऊन सांग, मेलेले सगळे उठणार आहेत, आत्ताची सगळी गुरं मारून टाका, कारण ती जादूटोणा करणाऱ्या विटाळलेल्या हातांनी वाढवलीयत, पेरणी करू नका, आणि नवीन मोठी पेवं खणा, नवीन वाडे बांधा, नवीन घरं बांधा, दुधासाठी नवीन पिशव्या शिवा. मेलेले येतील ते नवीन, निरोगी गुरं आणि धान्य घेऊन येतील.

घरच्यांनी पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग तिने त्या माणसांचं जे वर्णन केलं त्यावरून म्लाकाझाला वाटलं की हा तर माझा मेलेला भाऊ, आणि तिथून म्लाकाझाच या सगळ्याचा मुख्य माणूस झाला. हा म्लाकाझा पूर्वी एका इंग्रज पाद्र्याकडे नोकर होता, त्यामुळे मेलेले उठण्याची ख्रिस्ती कल्पना त्याच्यामार्फत आली असं एक मत आहे, दुसऱ्या अभ्यासकांना तो नोकर वेगळाच माणूस वाटतो. माझ्या मते हे कळलं नाही तरी फारसं अडत नाही, मिशनरी तिथे कित्येक वर्षं फिरत होते, मेलेले उठणं सगळ्यांच्या कानावर होतं आणि पितर जवळपास असतात हे तर खोसांचं स्वतःचंच होतं. दोन्ही एकमेकांत सहज मिसळली.

आवाज कोणाला यायचे? फक्त तिला. बघायला आलेल्यांना ती नदीकाठी घेऊन जायची, त्यांना धुक्यात लांबवर आकृत्या दिसायच्या, खडकांखालून गुरांचं हंबरणं ऐकू यायचं, आणि ती मंडळी काय म्हणतायत ते ती सांगायची आणि म्लाकाझा लोकांना नीट समजावून द्यायचा. समुद्राच्या तोंडाशी, लाटांचा आवाज, धुकं, आणि घरी गोठ्यात खोकणारी गाय सोडून आलेला माणूस. राजा सरहिली स्वतः आला. त्याला त्याचा नुकताच वारलेला मुलगा दिसला, ताज्या मक्याचं कणीस दाखवलं गेलं, असं सांगतात. परत जाऊन त्याने हुकूम काढला आणि स्वतःच्या गुरांपासून सुरुवात केली. इथे सगळं बदललं. गावोगावी भाकितं सांगणारे त्या काळात पाच-सहा जण तरी होते, त्यांचं कोणी एवढं ऐकलं नव्हतं. नोंगकावुसेच्या मागे राजा उभा राहिला, म्हणून तिचं भाकीत मोठं झालं.

पहिली तारीख हुकली

आधी एक पौर्णिमा सांगितली होती, मग ऑगस्ट १८५६ च्या मध्यावरची दुसरी. दोन्ही वेळा काही झालं नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांना वाटलं संपलं प्रकरण, आता लोक घरी जातील, पेरणीला लागतील. कोणालाही तसंच वाटलं असतं, आणि इथेच ती अट कामाला आली.

म्लाकाझाचं उत्तर तयार होतं. मेलेले आले नाहीत कारण तुम्ही सगळी मारली नाहीत. काहींनी मारायच्या ऐवजी बाजारात विकली, काहींनी लपवून ठेवली. आणि हे खरंच होतं! विकली होती, लपवली होती. म्हणजे भाकीत चुकलं हे दाखवायला समोर जो पुरावा होता तोच भाकीत बरोबर असल्याचा पुरावा झाला, कारण अट पूर्ण झाली नव्हती हे सगळ्यांना शेजारच्या वाड्यात उभं राहिलेलं दिसत होतं, हंबरताना ऐकू येत होतं.

बरं, ज्याने ऑगस्टपर्यंत आपली निम्मी गुरं मारली त्याची अवस्था काय? तो मागे फिरू शकतो, निम्मी गेली ती गेली म्हणून उरलेल्यांवर भागवू शकतो. पण मग ती निम्मी फुकट गेली हे मान्य करायचं, आणि ज्याने एकही मारली नाही तो शेजारी आता आपल्यापेक्षा दुप्पट श्रीमंत हेही मान्य करायचं. उलट शेजाऱ्यानेही मारली तर सगळं भरून येणार. त्यामुळे मारणारे न मारणाऱ्यांच्या मागे हात धुवून लागले. दोन तट पडले. मारणारे ते अमाथांबा, म्हणजे मऊ, सगळ्यांचं ऐकणारे, आणि न मारणारे ते अमागोगोत्या, कडक, चिकट, स्वतःपुरतं बघणारे. नावं कोणी ठेवलीयत ते कळतंच. गुरं वाचवणारा माणूस शहाणा नाही, तर अख्ख्या समाजाचा उद्धार अडवून धरलेला स्वार्थी माणूस झाला.

घरं फुटली यावर. बाप मारतोय, मुलगा नाही म्हणतोय. पाथो मारणाऱ्यांत, त्याचा ख्रिस्ती झालेला भाऊ कामा न मारणाऱ्यांत. बायका मोठ्या संख्येने मारण्याच्या बाजूने होत्या असं तेव्हाचे अधिकारी लिहितात आणि त्याचं कारण देतात की त्यांना शेतात राबायला नको होतं, जे मला अर्धवट वाटतं, कारण त्याच घरात मेलेली लेकरंही होती आणि ती परत येणार होती. केई नदीच्या पश्चिमेला संडिले नावाचा मोठा सरदार, तो सगळ्यात जास्त हेलकावे खात होता, मारा म्हणायचा, थांबा म्हणायचा. त्याच्या भागातला ब्रिटिश कमिशनर चार्ल्स ब्राउनली खोसा भाषा उत्तम बोलणारा माणूस, घोड्यावरून गावोगाव फिरून सांगत होता की मेलेले कधीही उठणार नाहीत, इतक्यांदा की लोकांनी त्याचं नावच नापाकाडे, म्हणजे "कधीच नाही", असं पाडलं. एका बाजूला हा साहेब आणि दुसऱ्या बाजूला आई, आणि पराक्रमी सावत्र भाऊ माकोमा, जो कट्टर मारणारा. शेवटी संडिलेनेही मारली.

ब्रिटिशांनी मध्येच एक अक्कलशून्य काम केलं. सरहिलीला धाक बसावा म्हणून गायझर नावाची युद्धनौका केईच्या मुखाशी पाठवली. तिची होडी लाटांत सापडून बुडता बुडता वाचली आणि नौका निघून गेली. आता ज्या लोकांना आधीपासून वाटतंय की आपले पूर्वज समुद्राकडून येतायत, त्यांनी यातून काय निष्कर्ष काढला असेल?

फेब्रुवारी

जानेवारी १८५७ ची पौर्णिमाही कोरडी गेली. मग सरहिलीने परत म्लाकाझाकडे विचारणा केली आणि शेवटचा निरोप आला, आठ दिवसांत. सूर्य उशिरा उगवेल, रक्तासारखा लाल असेल, मग मागे फिरून मावळेल, काळोख, वादळ, आणि मग ते येतील. ज्यांच्याकडे दुधापुरती एखादी गाय किंवा शेळ्या उरल्या होत्या त्यांनी त्याही मारल्या. वाडे साफसूफ केलेले, मोठाले आणि रिकामे. नवी पेवं खणलेली, रिकामी. दुधाच्या नव्या पिशव्या शिवून टांगलेल्या. घरांच्या छपरांना आणि दारांना वादळासाठी बळकटी दिलेली. म्हाताऱ्या बायकांनी अंगाला लाल गेरू लावून दागिने घातले होते, कारण त्या परत तरुण होणार होत्या आणि नवरे येणार होते.

फेब्रुवारीच्या मध्यावर तो दिवस आला आणि सूर्य नेहमीच्या वेळेला उगवून नेहमीच्या वेळेला मावळला.

त्यानंतर नवीन तारीख नाही. न मारणाऱ्यांकडे गुरं होती अजून, त्यांच्यावर छापे पडायला लागले, भुकेल्यांनी चोऱ्या केल्या, मारामाऱ्या झाल्या, पण ते आता मेलेल्यांसाठी नव्हतं, पोटासाठी होतं. लोक रानातली मुळं खणून खायला लागले, मारलेल्या गुरांची वाळलेली कातडी उकडून चघळली. घरातून माणसं निघाली ती ब्रिटिश ठाण्यांच्या दिशेने, आणि कित्येक वाटेतच पडली. म्लाकाझाही उपासमारीनेच मेला. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण हा माणूस लबाड असता तर त्याने निदान स्वतःपुरती चार गुरं कुठेतरी दडवली असती.

सर जॉर्ज ग्रे

आता दुसरा हिशोब. केपचा गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे आधी न्यूझीलंडचा गव्हर्नर होता, डिसेंबर १८५४ मध्ये इथे आला. शाळा, दवाखाना, रस्ते बांधून खोसांना "सुधारायचं", सरदारांना पगार देऊन त्यांचे अधिकार मॅजिस्ट्रेटकडे काढून घ्यायचे, आणि मध्ये गोऱ्या वसाहती घालायच्या असा त्याचा प्लॅन तयारच होता, फक्त खोसा त्याला तयार नव्हते. दुष्काळाने ते काम करून दिलं. किंग विल्यम्स टाउनमध्ये दयाळू लोकांनी मदतीसाठी एक समिती काढली होती, ती ग्रे आणि त्याचा मुख्य कमिशनर मॅक्लीन यांनी गुंडाळायला लावली. त्यांचं धोरण सरळ होतं, अन्न हवं असेल तर कॉलनीत मजुरीचा करार करा आणि चालू लागा. गोऱ्या शेतकऱ्यांना मजूर हवेच होते. असे सुमारे ३०,००० लोक गेले. ब्रिटिश कॅफ्रेरियाची लोकसंख्या १८५७ च्या सुरुवातीला साधारण १,०५,००० होती, ती वर्षाच्या शेवटी ३७,००० च्या आसपास आली. रिकामी झालेली जमीन गोऱ्यांना वाटली. माकोमा, पाथो, म्हाला अशा एकेका सरदाराला चोरीच्या मालापासून खुनापर्यंत काहीबाही आरोपांवर दोषी ठरवून रॉबेन बेटावर धाडलं, माकोमा शेवटी १८७३ मध्ये तिथेच मेला. सरहिलीला १८५८ मध्ये म्बाशे नदीपलीकडे हाकललं.

यात आपल्या इकडचाही एक धागा आहे, आणि तो मला तरी आधी माहीत नव्हता. ऑगस्ट १८५७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनचं पत्र ग्रेला मिळालं, इकडे बंड झालंय, फौज पाठवा. ग्रेने पाठवली. सहा महिन्यांपूर्वी ज्या सरहद्दीवर केव्हा नववी लढाई पेटेल या धास्तीने पलटणी अडकून पडल्या होत्या, तिथून आता त्या हलवता येत होत्या, कारण समोर लढायला कोणी उभं राहू शकत नव्हतं. खोसांच्या मुलखात वसवायला आणलेल्या जर्मन लीजनमधले, म्हणजे ब्रिटिशांच्या नोकरीतल्या जर्मन सैनिकांतलेही सुमारे हजार जण १८५८ मध्ये हिंदुस्थानात आले. आणि इकडे तरी काय, प्लासीला शंभर वर्षं पूर्ण झाली की कंपनीचं राज्य बुडणार हे भाकीत त्याच वर्षी उत्तरेत तोंडोतोंडी होतंच. फक्त त्या भाकितात आपलीच गुरं मारायची अट नव्हती.

कोणी केलं मग?

यावर दोन कट सांगितले जातात. ग्रेचं म्हणणं, हा सरदारांचा कट, लोकांना उपाशी पाडून, हातात काही उरू न देता त्यांना कॉलनीवर सोडायचं. हे मला अगदीच पोकळ वाटतं, कारण लढाई करायची तर कोणी सैन्याचं अन्न आधी नष्ट करेल का, आणि लढाई झालीही नाही. पण ग्रेला हे सोयीचं होतं, सरदारांना आत टाकायला आणि जमीन घ्यायला काहीतरी आधार हवाच. दुसरी बाजू खोसांच्या घराघरात आजही सांगतात, की ग्रेनेच लव्हाळ्यात माणसं लपवून त्या पोरीला फसवलं. तसा पुरावा नाही. फायदा ग्रेचा झाला हे शंभर टक्के खरं, आणि ज्याचा फायदा त्याने केलं असं माणसाला वाटणं साहजिक आहे, पण भाकीत पसरत होतं तेव्हा अधिकारी जी पत्रं लिहीत होते त्यात नवी लढाई होईल ही भीतीच जास्त दिसते. त्याने आग लावली नाही. लागल्यावर मात्र पाणी अडवून धरलं, आणि ते माझ्या हिशोबी कमी नाही.

राहिली ती मुलगी. ती १८५८ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात आली, मेजर गॉलर नावाच्या मॅजिस्ट्रेटच्या घरी ठेवली, तिथे तिचा आणि नोन्कोसी नावाच्या दुसऱ्या एका लहान भविष्यवादिनीचा एकत्र फोटो काढला गेला, तो आजही सगळीकडे छापतात. मग दोघींना जहाजाने केपटाउनला नेऊन गरिबांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात ठेवलं. पुढे कागदपत्रांत नोंगकावुसे सापडत नाही. ती अलेक्झांड्रिया भागातल्या एका शेतावर राहिली आणि १८९८ मध्ये वारली असं सांगतात, तिथे तिची कबर म्हणून एक जागाही दाखवतात. ताब्यात असताना तिची जबानी घेतली होती, ती आहे. पण ती घेणाऱ्यांना त्यातून सरदारांचा कट काढायचा होता, प्रश्न त्यांचे, भाषांतर त्यांचं, लिहिणारा हात त्यांचा. नदीकाठी तिने काय पाहिलं हे त्या कागदावरून ठरवायला गेलं तर जेमतेम एवढंच हाती लागतं की मॅजिस्ट्रेटला काय ऐकायचं होतं.